ईशान अठरा वर्षांचा होतो तेव्हा

‘तारे जमीन पर’ २००७ चा. डिस्लेक्सिया हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो मुख्यतः या सिनेमामुळे, हे मान्य करूनच पुढचं लिहितेय. शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्रात संशोधनाचा विषय शोधत असाल, तर हा सिनेमा पुन्हा एकदा वही-पेन घेऊन बघा. रडू येईलच, येऊ द्या. पण सिनेमा कुठे थांबतो ते टिपून ठेवा.

निकुंभ सर ईशानच्या घरी जाऊन त्याच्या वह्या चाळतात आणि चुकांमधला पॅटर्न ओळखतात. मला हा प्रसंग आजही सर्वांत आवडतो, कारण तिथे सर कीव करत नाहीत, निरीक्षण करतात. बाकीच्यांनी ‘आळशी’ म्हणून बाजूला टाकलेली पानं त्यांच्यासाठी डेटा असतात. नंतर वाळूत अक्षरं गिरवणं, मातीकाम, जिन्याच्या पायऱ्यांवर गणित, हे सगळं गाण्याएवढ्या वेळात उरकतं. प्रत्यक्षात त्याला कितीतरी महिने लागतात. असो, सिनेमाला एवढी सूट द्यायला हवी.

माझी तक्रार वेगळी आहे. वर्गात सर आइनस्टाईन, दा विंची यांची नावं घेतात. चरित्रातल्या किश्श्यांवरून गेलेल्या माणसाचं निदान होत नाही. आइनस्टाईनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही. (तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे वाक्य कृपया घालू नका.) आणि शेवटी ईशान जिंकतो तो चित्रकलेच्या स्पर्धेत. म्हणजे मान मिळाला तो अंगच्या कलेमुळे. ज्याला ना चित्र येतं ना गाणं, ज्याला नुसतं साधं बी.एस्सी. करायचंय, त्याच्यासाठी सिनेमाकडे काही नाही.

आता हिशोब करा. पडद्यावरचा आठ-नऊ वर्षांचा ईशान खरा असता, तर २०१६-१७ च्या सुमारास अठराचा झाला असता. नेमका तेव्हाच दिव्यांग हक्क कायदा २०१६ आला. मान्यताप्राप्त प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. ४० टक्के किंवा अधिक अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव. पात्र विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा.

पण २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी आठव्या वर्षानंतर पुन्हा १४ आणि १८ व्या वर्षी करायची, आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. म्हणजे बारावी, प्रवेश परीक्षा, प्रवेशाच्या फेऱ्या, सगळं सुरू असताना रुग्णालयाचीही रांग. अकरावीतच कुणी हे सांगितलं नाही, तर अर्ज भरताना कागद हातात नसतो. शाळेत ही धावपळ आई-बाबा किंवा एखादे निकुंभ सर करतात. कॉलेजात विद्यार्थ्याला स्वतः जाऊन मागावं लागतं, आणि ‘मला वाचायला वेळ लागतो’ हे अनोळखी प्राध्यापकासमोर बोलायचा सराव त्याला कुणीच दिलेला नसतो.

शिवाय जादा वेळ मिळतो तो परीक्षेत. प्रॅक्टिकलचं जर्नल, आठवड्याला वाचायचे चार पेपर, सेमिनार, यांचं काय करायचं? आपल्याकडचं बोलणं फार करून शाळा आणि बोर्डाच्या परीक्षेपाशीच अडतं. विषय शोधताय ना? अकरावी ते पदवीचं पहिलं वर्ष, एवढाच तुकडा घ्या. आणि मुलाखती फक्त पालकांच्या घेऊ नका, त्या मुलांशीही बोला.