काळ्या पार्श्वभूमीवरचं पाणी

विल्सन बेंटलीच्या छायाचित्रांमध्ये पहिली नजर जाते ती चांदणीसारख्या हिमस्फटिकांवर. सहा फांद्या, प्रत्येक फांदीला उपफांद्या आणि भोवती गडद काळोख. डोळा सुखावतो आणि हात पान उलटायला जातो. इतक्यात उलटू नये. फांद्यांची टोकं सोडून स्फटिकाच्या मध्याकडे यावं. तिथं एक छोटी षट्कोनी चकती असते. तिच्यात बारीक रेषा, ठिपके, एकात एक बसलेले षट्कोन. ढगात जन्मल्यावर हा स्फटिक बराच वेळ एवढाच होता. मग तो उणे पंधरा अंशांच्या आसपासच्या, बाष्पानं भरलेल्या थरात शिरला. चकतीचे कोपरे बाकीच्या कडेपेक्षा पुढे आलेले, म्हणून बाष्प आधी त्यांना मिळालं आणि तिथून फांद्या फुटल्या. मध्याकडून टोकाकडे नजर नेत गेलं की त्या स्फटिकाचा ढगातला सगळा प्रवास क्रमानं वाचता येतो. दोन-चार मिलिमीटरच्या वस्तूत एवढं चरित्र मावतं, हे मला या छायाचित्रांनी दाखवलं.

ती काढणारा माणूस शेतकरी होता. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको गावी 1865 मध्ये जन्मला, तिथंच दूधदुभत्याच्या शेतीवर राबला. आई पूर्वी शिक्षिका होती. तिनंच त्याला घरी शिकवलं आणि पंधराव्या वर्षी सूक्ष्मदर्शक हाती दिला. भिंगाखालचा हिमकण पाहून तो चित्रं काढायला बसे, पण चित्र पुरं होण्याआधी कण विरघळे. वडिलांना हा नाद पटत नव्हता, तरी अखेर त्यांनी कॅमेऱ्यासाठी पैसे दिले. 15 जानेवारी 1885 रोजी, विशी ओलांडण्याआधीच, त्यानं सूक्ष्मदर्शक जोडलेल्या कॅमेऱ्यातून पहिला हिमस्फटिक टिपला. पुढची 46 वर्षं हेच चालू राहिलं आणि पाच हजारांवर छायाचित्रं जमली.

काम बिनशेकोटीच्या पडवीत चाले. काळ्या फळीवर पडते कण झेलायचे, भिंगातून भराभर निवडायचे, मनासारखा दिसला की लाकडी काडीनं उचलून काचपट्टीवर ठेवायचा, पिसानं हलकेच सपाट बसवायचा. श्वास रोखून, कारण उच्छ्वासाची ऊब लागली की खेळ संपला. थंडी कडक असली तरी घाई असतेच. बर्फ न वितळताही थेट हवेत विरतो आणि आधी जातात ते टोकदार कोपरे. बेंटलीच्या काही स्फटिकांची टोकं किंचित गोलावलेली दिसतात. मला ती उणीव वाटत नाही. निवडीपासून झाकण उघडेपर्यंतचा जो थोडा वेळ गेला, त्याची ती नोंद आहे.

आता त्या काळ्या रंगाकडे वळू, कारण या छायाचित्रांची खरी गोम तिथंच आहे. प्रकाश स्फटिकाच्या मागून येई. पारदर्शक बर्फातून तो आरपार जाई आणि जिथं पृष्ठभाग वळलेला असेल तेवढ्याच जागी वाकून बाजूला पडे. त्यामुळे आतल्या करड्या-काळ्या रेषा उमटत, पण स्फटिक आणि भोवतालची मोकळी जागा दोन्ही सारखीच उजळ येत. पांढऱ्यावर पांढरं. मग बेंटली निगेटिव्हची प्रत काढून धारदार पात्यानं स्फटिकाभोवतीचा सगळा रासायनिक थर खरवडून टाकी. निगेटिव्हवर मोकळी झालेली काच छापताना काळी येते. प्रत्येक फांदीच्या, प्रत्येक खाचेच्या कडेनं ते पातं फिरलेलं आहे. एका काचेला तासन् तास लागत.

यावरून वाद झाला. जर्मन हवामानतज्ज्ञ गुस्ताव हेलमान आणि त्याचा छायाचित्रकार सहकारी रिचर्ड नॉयहाउस यांनीही हिमस्फटिक टिपले होते. त्यांचे स्फटिक वेडेवाकडे, एका अंगानं खुरटलेले. बेंटलीच्या कोरण्यानं मूळ बाह्यरेषा बिघडते, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्याकडे हौशी छायाचित्रकार जमले की ‘हा फोटो किती सुधारलेला?’ हा प्रश्न आजही निघतोच, म्हणून या जुन्या वादाबद्दल मत देणं मला टाळता येत नाही. कडेबाबत हेलमानचा संशय रास्त होता: बाह्यरेषा अखेर हातानं आखलेली आहे. पण स्फटिकाच्या आत बेंटलीनं पातं नेलं नाही. आतली प्रत्येक रेषा, हवेचा प्रत्येक अडकलेला बुडबुडा प्रकाशानं उमटवलेला आहे. म्हणून मी त्याची छायाचित्रं आतून बाहेर पाहतो. कडेवर विश्वास थोडा कमी, गाभ्यावर पूर्ण.

सममितीचा प्रश्न याहून मोठा. आकाशातून पडणारे बहुतेक स्फटिक मोडके, जुळे, एकमेकांना चिकटलेले असतात. बेंटली त्यांतून देखणे निवडी. ही निवड फसवणूक नव्हे, पण तिच्यामुळे हिमकण म्हणजे सहा सारखे हात, ही समजूत जगभर रुजली. त्याच्याच संग्रहात वेगळे नमुने आहेत आणि मला ते अधिक मोलाचे वाटतात. एक प्रकार असा: मधे आखूड स्तंभ आणि दोन्ही टोकांना एकेक चकती, बैलगाडीचा कणा आणि त्याची दोन चाकं असावीत तसा. थंडीच्या एका थरात स्तंभ वाढला, दुसऱ्या थरात शिरल्यावर टोकांना चकत्या आल्या. चांदणीएवढी मोहिनी त्याच्यात नाही, पण हवा बदलल्याची साक्ष त्याच्याइतकी स्पष्ट कोणी देत नाही.

ही छायाचित्रं बेंटलीनं स्वतःजवळ ठेवली नाहीत. काचेच्या स्लाइड पाच सेंटला एक अशा दरानं तो विके. त्या शाळा-कॉलेजांत गेल्या, दागिने घडवणाऱ्यांकडे गेल्या, संशोधकांकडे गेल्या. दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय आपलं पाहणं पुरं होत नाही, ही हौशी माणसाची भूक त्या पाच सेंटांत दिसते. 1931 च्या नोव्हेंबरमध्ये हवामान खात्यातल्या डब्ल्यू. जे. हम्फ्रीज यांच्यासह ‘स्नो क्रिस्टल्स’ हे पुस्तक निघालं, चोवीसशेंहून अधिक छायाचित्रांचं. पुढच्याच महिन्यात न्यूमोनियानं बेंटली गेला.

ते पुस्तक जपानमध्ये उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती पडलं. त्यातूनच तो हिमस्फटिकांकडे ओढला गेला आणि 1936 मध्ये होक्काइडोच्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर त्यानं पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. कोणत्या तापमानाला, किती बाष्पात कोणता आकार येतो, हे त्यानं मांडलं. त्याच्या वर्गवारीत बेडौल स्फटिकांनाही जागा मिळाली. शेतकऱ्यानं सौंदर्यासाठी निवडलेल्या चित्रांमधून उंचावरच्या हवेची बातमी वाचायची रीत अशी तयार झाली.

डोव्हर प्रकाशनानं 1962 मध्ये हे पुस्तक पुन्हा छापलं, त्यामुळे ते आजही मिळू शकतं. हाती आलं तर चांदण्या मागाहून पाहाव्यात. आधी स्तंभ, सुया आणि साध्या चकत्या पाहाव्यात, आणि खिडकीच्या काचेवर गोठलेल्या दवाची छायाचित्रंही. तिथं नजर तयार झाली की चांदणीच्या मधली ती छोटी चकती आपोआप दिसू लागते.