मिनिटभराची माफी

ऑगस्ट २००८मध्ये कॅनडात मेपल लीफ फूड्सच्या खायला तयार मांसाच्या कापांतून लिस्टेरिया या जंतूची बाधा पसरली. टोरोंटोच्या बार्टर रोडवरचा कारखाना बंद झाला, आणि कंपनीचे प्रमुख मायकेल मॅकेन टीव्हीवर येऊन जेमतेम मिनिटभर बोलले. माल परत मागवायची वेळ आली तर काय बोलायचं, याची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने ते निवेदन कान देऊन ऐकावं.

गळ्यात टाय नाही, आवाज चढत नाही. आमच्या मालात जंतू सापडला, ही कबुली सुरुवातीलाच. मग माल परत मागवला, कारखाना बंद केला, हे दोन वाक्यांत उरकतं. त्यानंतर मृत्यू. माणसं गेल्याचं सांगून मॅकेन थेट त्यांच्या घरच्यांशीच बोलू लागतात. पण निवेदनाचा प्राण त्याच्याही पुढे आहे. या आठवड्यात आमचे प्रयत्न फसले आणि आम्ही मनापासून क्षमा मागतो, हे एकाच वाक्यात येतं. मध्ये ‘कुणाला त्रास झाला असल्यास’ नाही, ‘चौकशी सुरू आहे’ नाही. पळवाटेला जागाच ठेवलेली नाही. इतकं सरळ वाक्य कंपनीच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळतं.

या बोलण्यामागे कृती होती. पाकिटावर ‘९७-बी’ हा कारखान्याचा क्रमांक छापलेला असे. ग्राहकाने फ्रिज उघडून तेवढं बघायचं. सुरुवातीला मोजकेच प्रकार परत मागवले होते, पण आठवडाभरात त्या कारखान्याची सगळी, म्हणजे २२० उत्पादनं मागे घेतली. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि लक्षणं दिसायला कधीकधी ७० दिवस लागतात. अशा वेळी अर्धाच माल परत मागवणं म्हणजे घराघरांत धोका तसाच ठेवणं. पुढे पत्रकारांसमोर मॅकेन म्हणाले, या काळात मी वकील आणि हिशेबनीस या दोघांचा सल्ला ऐकला नाही.

तरीही दोन जागा मला खटकतात. लिस्टेरिया तसा सगळीकडेच आढळतो, हे वाक्य मृतांचा उल्लेख येण्याआधीच येऊन जातं. आणि शोक व्यक्त करून झाल्यावर, आमचे निकष सरकारी नियमांच्याही पुढचे आहेत, अशी ग्वाही येते. ही दोन्ही वाक्यं मी खोडली असती. २००९मध्ये या साथीची चौकशी करणाऱ्या शीला वेदरिल यांचा अहवाल आला. त्यात मृतांचा आकडा २२ होता. कारखान्याच्या स्वतःच्या तपासण्यांत आधीपासून वारंवार लिस्टेरिया सापडत होता, पण त्यातली संगती कुणी लावली नाही, हेही त्यात होतं. ती ग्वाही इथे उघडी पडते. मॅकेन यांनी सरकारी तपासनिसांकडे बोट दाखवलं नव्हतं, जबाबदारी आमचीच म्हटलं होतं. अहवालानंतरही टिकली ती हीच भूमिका.