आपण मेल्यावरच त्यांना रडू का येतं?

मित्रहो, पिक्चरमध्ये दलित दिसला की आपली पोरं खूष होतात. आपला माणूस पडद्यावर आला म्हणतात. आला हे खरं. पण तिथं त्याला कुठल्या कामाला लावलंय, हे कोण बघणार?

हिशेब जुना आहे. 1936 साली बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. ब्राह्मण पोरावर जीव लावणारी कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते, थेटर रडतं. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणाची परिषद रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. म्हणजे मेलेली कस्तुरी चालली, बोलणारा जिता माणूस चालला नाही.

बिमल रॉयच्या ‘सुजाता’त (1959) मरण टळलं, पण रक्त द्यावं लागलं. सांभाळणाऱ्या आईच्या अंगात सुजाताचं रक्त गेलं, तेव्हा कुठं ‘मुलीसारखी’ची ‘मुलगी’ झाली. आता ज्याचा रक्तगट जुळत नाही त्याने काय करायचं? माणूसपण काय बाटलीत भरून सिद्ध करायचं?

साठ वर्षांनी ‘आर्टिकल 15’ (2019) आला. पिक्चर धाडसाचा, नाही म्हणत नाही. संविधानाचं कलम पोलीस ठाण्याच्या फळ्यावर लागतं. पण लावणारा हात ब्राह्मण साहेबाचा. निषाद हा आपला पुढारी, शिकलेला, बोलणारा. त्याला मारून टाकतात. पोरीला शोधायचं श्रेय साहेबाला.

नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त (2013) मात्र जब्या मरत नाही. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई, आणि त्यांच्यासमोरून दांड्याला बांधलेलं डुक्कर नेणारं जब्याचं घर. चित्रं लावली, जात तशीच ठेवली, हे भाषण न करता कळतं. शेवटी जब्याचा दगड सरळ आपल्यावर येतो. डुकरामागे पळणारं घर बघून जे हसले, त्यांना रडून मोकळं होता येत नाही.

आता नीरज घायवानचा ‘होमबाउंड’ (2025). चंदन पोलीस भरतीच्या फॉर्मवर जात लपवतो. पुढे तो आणि शोएब सुरतेला कापड गिरणीत राबतात. मी गिरणीतच आहे, असे चंदन रोज बघतो. आडनाव गिळून डबा खाणारे. इथं कुणी तारणहार साहेब नाही. सोबत आहे ती मुसलमान कामगार दोस्ताची. 2020 च्या टाळेबंदीत घरी जाताना चंदन वाटेत मरतो. हे मरण खऱ्या घटनेवरून घेतलंय, म्हणून त्याबद्दल दिग्दर्शकाला दोष देत नाही.

पण सवाल बघणाऱ्याला आहे. तो चंदनच्या मरणावर रडतो की त्या फॉर्मवर? मरणावर रडणं सोपं. मेलेला माणूस नोकरी मागत नाही, भाड्याने खोली मागत नाही, पोरगी मागत नाही. फॉर्मवरची लाज मात्र ह्याच बघणाऱ्याने घडवलेली असते. तिच्यावर रडायचं तर उद्या ऑफिसात, चाळीत वागणं बदलावं लागेल.

म्हणून दोस्तांनो, वस्तीत पिक्चर दाखवा आणि नंतर दिवे लावून चर्चा करा. तीन गोष्टी विचारा. निर्णय कुणी घेतला? शेवटी जिता कोण राहिला? रडणारा कशावर रडला? पिक्चर कितीही चांगला असो, उपकार म्हणून बघू नका. तिकिटाचे पैसे आपण देतो. दया आपण मागितलेली नाही.