तडा गेलेला ब्लॉक आणि '८३ टक्के बचत': दोन पेपरांचं वाचन

मागच्या मे महिन्यात बडनेऱ्याहून मामांचा फोन आला. नांगरटीत ट्रॅक्टर तापला, ड्रायव्हरने घाईघाईत रेडिएटरचं झाकण उघडून तापल्या इंजिनात थेट गार पाणी ओतलं, आणि ब्लॉकला तडा गेला. "तू त पीएचडी करून रायली ना वं मटेरियलची, मंग सांग, ब्लॉक शिवून घेऊ का नवाच टाकू?"

मी काय केलं असेल? तुम्ही कराल तेच. पेपर शोधले. आज त्यातल्या दोन पेपरांबद्दल लिहिते आहे, कारण पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असलेले तुमच्यापैकी बरेच जण लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे अॅब्स्ट्रॅक्टमधले आकडे वहीत उतरवणं असं समजतात. मीही पहिलं वर्षभर तेच करत होते.

पहिला पेपर व्हेनेसा स्मिथ आणि ग्रेगरी केओलियन यांचा, २००४ सालचा, 'जर्नल ऑफ इंडस्ट्रियल इकॉलॉजी'मधला. जुनं इंजिन पूर्ण खोलून, तपासून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधणं आणि कंपनीने नवं इंजिन बनवणं, यांची तुलना. पद्धत लाइफ सायकल असेसमेंटची. निष्कर्ष असा की पुनर्निर्मित इंजिन बनवायला ६८ ते ८३ टक्के कमी ऊर्जा लागते, कार्बन डायऑक्साइड ७३ ते ८७ टक्के कमी निघतो, आणि ग्राहकाला ते ३० ते ५३ टक्के स्वस्त पडतं.

हे वाचून मी मामांना लगेच फोन करणार होते. शिवून घ्या, विषय संपला. बरं झालं केला नाही.

आधी पेपरचं कौतुक करते, कारण ते खरंच त्याच्या वाट्याचं आहे. लेखकांनी एकच आकडा दिला नाही, रेंज दिली. किती भाग बदलावे लागतात याच्या तीन परिस्थिती धरून प्रत्येकीचा हिशोब वेगळा केला. कच्च्या मालाची बचत बघा: २६ ते ९० टक्के! एवढी रुंद रेंज दिसली की थांबायचं. माझं वाचन असं, की हा सगळा फरक कोणते भाग वाचले आणि कोणते भंगारात गेले यातून येतो. आणि इंजिनातला सगळ्यात जड भाग कोणता? ब्लॉक. म्हणजे मामांचा प्रश्न त्या २६ आणि ९० च्या मधे कुठेतरी दडलेला आहे, आणि आपण मात्र ८३ हा आकडा सिनॉप्सिसमध्ये टाकून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना कशाची आहे. अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या कारचं पेट्रोल इंजिन. कारचं इंजिन माउंटिंगवर बसवलेलं असतं, गाडीचा सांगाडा वेगळा असतो. बहुतेक ट्रॅक्टरांमध्ये ब्लॉक हाच सांगाड्याचा भाग असतो. पुढचा अॅक्सल एका बाजूला, क्लच हाउसिंग दुसऱ्या बाजूला, आणि मधला भार ब्लॉक पेलतो. तिथला तडा फक्त पाणी गळण्याचा प्रश्न राहत नाही. त्या पेपरने ट्रॅक्टरबद्दल काही दावा केलेला नाही, त्यामुळे ही त्याची चूक नाही. चूक माझी होत होती, कारच्या पेट्रोल इंजिनाचं उत्तर ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला लावण्याची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुनर्निर्मितीच्या अभ्यासात तुलनेला उभं राहतं ते इंजिन तपासणीतून पास होऊन बांधलं गेलेलं असतं. मामांचा ब्लॉक अजून त्या तपासणीच्या दारात उभा आहे. पास झालेल्या पोरांच्या मार्कांवरून परीक्षेला बसलेल्या पोराला 'तुला ८३ मिळतील' असं सांगणं कसं होईल, तसंच हे.

दुसरा पेपर एमआयटीच्या टिमोथी गुटोव्स्की आणि सहकाऱ्यांचा, २०११, 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी'. त्यांनी आठ प्रकारच्या वस्तूंच्या २५ केस घेतल्या, इंजिनंही त्यात आहेत, आणि बनवण्याच्या ऊर्जेत वापराची ऊर्जा मिळवली. मग चित्र पालटलं: ८ केसमध्ये ऊर्जा वाचली, ६ मध्ये उलट जास्त गेली, ११ मध्ये ठामपणे सांगता येईना. आमच्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. दुरुस्त करत करत सत्तर वर्षं काढता येतात, पण तेवढी वर्षं ते किती कोळसा खातं हा हिशोब निराळा. गुटोव्स्कींचा मुद्दा हाच.

मामांपुरता हिशोब मांडून बघू. समजा ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास चालतो आणि तासाला ४ लिटर डिझेल लागतं. म्हणजे २००० लिटर. दुरुस्तीनंतर खप ५ टक्के जरी वाढला तरी वर्षाला १०० लिटर जास्त, दहा वर्षांत १०००. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर २.७ टन. नवीन ओतकाम टाळून जे वाचलं ते याच्यासमोर ठेवायचं.

पण खप वाढेलच कशावरून? इथे मला या पेपरचाही उपयोग संपल्यासारखा वाटला. मी सरळ बडनेऱ्याला जाऊन नव्या वस्तीतल्या मिस्त्रींसमोर बसले.

त्यांनी पेपर ऐकून घेतला, हसले, म्हणाले, "ताई, तडा कुठी हाय थे पाह्य ना आधी." ब्लॉक धुतला, रॉकेल लावलं, पुसलं, वरून खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळाने भुकटीवर ओली रेघ उमटली. (आमच्या लॅबमध्ये याच तत्त्वावर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर वापरतात.) रेघ बाहेरच्या वॉटर जॅकेटवर होती. मेन बेअरिंगच्या बैठकीपासून लांब, हेड बोल्टच्या आट्यांपासून लांब, क्लच हाउसिंगपासूनही लांब. ब्लॉक लायनरचा होता, त्यामुळे पिस्टन ज्या भिंतीवर घासतो ती भिंत मुळात वेगळी आणि बदलता येणारी.

म्हणजे या तड्याचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही, खप वाढायचं कारण नाही, भारही तिथे कमी. तोच तडा बेअरिंगच्या बैठकीत असता तर ब्लॉक भंगारात. दोन्ही पेपर ज्या गोष्टीची सरासरी काढून पुढे जातात, तिच्यावरच इथे निर्णय ठरत होता.

वेल्डिंगला मिस्त्रींनी नकार दिला आणि ते बरोबर होतं. राखाडी बिडात ३ टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. वेल्डिंगजवळचा पट्टा झटकन थंड झाला की तिथे कडक, ठिसूळ रचना तयार होते आणि नवा तडा जोडाला खेटूनच जातो. ते टाळायचं तर पूर्ण ब्लॉक शेकडो अंश तापवून हळूहळू थंड करावा लागतो. त्यांनी थंडे टाके घातले: तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो पुढे सरकणं थांबवलं, मग तड्यावर एकमेकांत अर्धे घुसणारे आट्यांचे पिन ओळीने बसवले. शेवटी पाण्याचं प्रेशर देऊन गळती तपासली.

राहिला तो पैशाचा प्रश्न. उदाहरणापुरते आकडे घेते: दुरुस्ती १५ हजार, नवा ब्लॉक ६० हजार, दुरुस्ती फसून ट्रॅक्टर उभा राहिला तर १० हजारांचा तोटा. दुरुस्ती फसण्याची शक्यता ४५ भागिले ७०, म्हणजे ६४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दुरुस्ती परवडते. पण ट्रॅक्टर ऐन पेरणीत उभा राहिला आणि तोटा ५० हजार झाला, तर हीच मर्यादा ४१ टक्क्यांवर येते. ब्लॉक तोच, टाके तेच, मिस्त्री तोच, फक्त महिना बदलला. शिवाय नव्या ब्लॉकवर इंजिन नंबर बदलतो, म्हणजे आरसी बुकासाठी आरटीओची फेरी आलीच.

आता त्या हिशोबातली फसण्याची शक्यता आणायची कुठून? मिस्त्रींना विचारलं, किती ब्लॉक परत येतात? "येतात एखाद दोन." वर्षाला? पन्नासात? नोंद नाही. मग मी त्यांना शंभर पानी रजिस्टर आणून दिलं आणि रकाने आखले: तारीख, इंजिन, तडा कुठे, लांबी, कारण, टाके की वेल्डिंग, प्रेशर किती धरला, परत आला का, कधी, तडा जुन्याच जागी की नव्या. आतापर्यंत सतरा ओळी भरल्या आहेत. दोन ठिकाणी 'कारण' रिकामं आहे, कारण गार पाणी ओतल्याचं ड्रायव्हर मालकासमोर कबूल करत नाही. मामांचा ब्लॉक चौथ्या ओळीत आहे आणि त्याच्यापुढचा 'परत आला का' हा रकाना अजून कोरा आहे.

तुमच्या गावात लेथचं वर्कशॉप असेल आणि असं रजिस्टर ठेवायला कोणी तयार असेल तर मला कळवा. रकाने मी पाठवते.