होरी लागली रं

रायगडच्या किनाऱ्यावर, थळ-वरसोलीपासून मुरुडपर्यंत, मासळीचा एकच निरोप दोन भाषांत फिरतो. व्हॉट्सॲपवर टाइप केलेला असा: ‘बोट आली आहे. पापलेट, कोळंबी उपलब्ध. सकाळी लवकर यावे.’ आणि बोलून पाठवलेला असा: ‘होरी लागली रं. पापलेट थोरं हाय, कोलबी बरी हाय. सकाली कोनी न्हाय आला तं मंग बोलू नका.’ दोन्ही नमुने मी जुळवलेले. पण ज्याचं घर या पट्ट्यात आहे त्याला ते ओळखीचे वाटतील.

पहिल्या निरोपात चूक काढायला जागा नाही, आणि त्यात माणूसही नाही. दुसरा ऐकण्याचा आहे. ‘रं’ म्हटल्याबरोबर अख्खा ग्रुप हाकेच्या अंतरावर येतो. पापलेट ‘थोरं’, म्हणजे थोडं; कोलबी ‘बरी’. आकडा कुठेच नाही. भरपूर मासळी आहे म्हटलं की भाव पडला, म्हणून ‘थोरं’ म्हणताना आवाज जरा उतरतो. ‘मंग बोलू नका’ हे तर आमंत्रण, दटावणी आणि उद्याच्या तक्रारीला आजच दिलेलं उत्तर. एवढा सगळा व्यवहार ‘लवकर यावे’त कुठून मावणार?

एकाच माणसाची ही दोन रूपं का? लिहायचं म्हणजे शाळेतलं, ही सवय जुनीच. फोनने तिला धार लावली. आगरी-कोळी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’. ‘होरी’ लिहायला घ्यावं तर कीबोर्ड ‘होडी’ सुचवतो, नाहीतर ‘होळी’! ऑगस्ट 2013 मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी निरोपाची सोय आली आणि या अडसराला बगल देता आली.

बोली नोंदवून ठेवण्याची धडपडही जुनीच. ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 सालचा. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली आगरी त्यात आहे. पण त्या सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना म्हणजे बायबलमधली उधळ्या मुलाची कथा, प्रत्येक बोलीत उतरवून घेतलेली. बोली खरी, प्रसंग उसना. आवाजी निरोपात प्रसंगही बोलणाऱ्याचाच असतो.

यूट्यूबवर आगरी गाजते आहे, याचा आनंद आहेच. मात्र तिथे ती बहुधा हसवायला येते, आणि ऐकणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं की ही बोली विनोदाचीच. निरोपांत ती भाव ठरवते, सुनेला बोलते, दवाखान्यातून खबर देते. माझ्या लेखी तिचं खरं साहित्य हे.

ते टिकत मात्र नाही. फोन भरला की आधी हेच पुसलं जातं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने बोलींच्या प्रतिमांकनाचा प्रकल्प हाती घेऊन गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत. पण अभ्यासक समोर बसला की बोलणारा थोडा सावरून बसतोच. घरातले निरोप घरानेच राखायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. तेवढ्या दिवसांत आजीचे, काकाचे चार निरोप वेगळे काढून ठेवा, आणि प्रत्येकावर गाव नि तारीख तेवढी लिहा.