झुंडीचा सूर कोणाच्या गळ्यातून?

सवर्ण लेखक दलितांवर लिहायला बसला की लगेच मेलेल्याच्या आईच्या आवाजात रडू लागतो. मारणाऱ्याच्या आवाजात तो बोलत नाही. खरं तर तोच आवाज त्याच्या घरातला, आळीतला, जेवताना कानावर पडलेला. पण लिहिताना नेमका तो त्याला आठवत नाही. कळवळ्याचं एवढं साहित्य मराठीत झालं, त्यात झुंड कुठे आहे? हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी एका परक्या संगीतरचनेबद्दल लिहितोय. जून १९४०, न्यूयॉर्क, उघडं मैदान, एक सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि दोन गायकवृंद. रचनेचं नाव 'अँड दे लिंच्ड हिम ऑन अ ट्री'. म्हणजे, आणि त्यांनी त्याला झाडाला टांगून मारलं.

सिंफनी म्हटलं की आपल्यातली काही पोरं नाक मुरडतात. कोट घातलेल्या गोऱ्यांचं वाजवणं ते, आपला काय संबंध? तर ही रचना विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या माणसाची आहे. जन्म १८९५ चा, मिसिसिपीतला. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या उघड्या रंगमंचावर शहराच्या नावाजलेल्या ऑर्केस्ट्रासमोर तो उभा राहिला आणि स्वतःच्या रचना त्यांच्याकडून वाजवून घेतल्या. अमेरिकेतल्या बड्या ऑर्केस्ट्राला आपल्या हातावर चालवणारा पहिला काळा माणूस तो. १९३९ मध्ये त्याने व्हर्ना आर्वी या गोऱ्या ज्यू पियानोवादिकेशी लग्न केलं. तेव्हा कॅलिफोर्नियात काळ्या-गोऱ्यांचं लग्न कायद्यात बसत नव्हतं, म्हणून दोघं सीमा ओलांडून मेक्सिकोत गेली. जातीबाहेर लग्न करून गाव सोडलेल्यांना ह्यातलं काही समजावून सांगायला नको.

जागाही बघा. हार्लेमच्या कडेला सिटी कॉलेजचं ल्युइसन स्टेडियम. ते उघडलं १९१५ मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा. कोलंबियापासून उत्तरेला मैल-सव्वा मैल चालत गेलं की हे मैदान. काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसायचं, पंचवीस सेंटपासून तिकीट, वरून विमान गेलं की वाजवणं बुडायचं. हॉलमध्ये मखमलीवर बसून ऐकणाऱ्यांपेक्षा वेगळी गर्दी तिथे यायची. १९७३ मध्ये ते पाडलं.

आपल्याला उघड्यावरच्या गाण्याचं कौतुक नको. भीमराव कर्डकांचे जलसे उघड्यावरच झाले. आपल्याला हॉल देणार होतं कोण? तिकडेही तेच. १९३९ मध्ये मॅरियन अँडरसन या काळ्या गायिकेला वॉशिंग्टनचा कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला गेला. मग ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली आणि समोर पाऊण लाख माणूस जमला.

आता रचना. मी ती विल्यम वॉरफील्डचं निवेदन असलेल्या ध्वनिमुद्रणावर ऐकली. जेमतेम वीस मिनिटांची आहे. दोन गायकवृंद, एक गोरा, एक काळा. सुरुवात गोऱ्यांची. रात्र, झाडी, आणि नुकताच खून करून उभी असलेली झुंड. ते तुटक ओरडतात, एकमेकांना चेव आणतात, आणि काम झालं म्हणून निघून जातात. मग अंधारातून काळा वृंद येतो, दबकत, आपल्या माणसाला शोधत. मग आई. खर्जातला एकटीचा आवाज. पहिल्या प्रयोगाला आर्तुर रॉजिन्स्कीने न्यूयॉर्क फिलहार्मोनिक चालवला. गोऱ्यांचा वृंद स्कोला कॅन्टोरम आणि काळ्यांचा वेन टॅलबर्टचा.

म्हणजे त्या रात्री खऱ्याखुऱ्या गोऱ्या बायका आणि पुरुष, सभ्य, शिकलेले, रविवारी चर्चला जाणारे, हातात कागद धरून खुन्यांचे शब्द स्वतःच्या गळ्यातून गायले. मुखवटा नाही, रंग नाही. त्यांच्यासाठी लिहिलेली भूमिकाच ती होती. स्टिलचं मोठेपण मी इथे मानतो. 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं १९३९ मध्ये बिली हॉलिडेने गाजवलं, ते ऐकताना आजही काटा येतो. पण त्या गाण्यात झाड आहे, देह आहे, मारणारे कुठेच नाहीत. जणू फळ आपोआप लागलं. स्टिल आधी मारणाऱ्यांना उभं करतो. तेही पोटातून आवाज काढायला लावून.

आणि मैदानामुळे आणखी एक गोष्ट होते. लिंचिंग हा उघड्यावरचाच कार्यक्रम असायचा. लोक पोराबाळांना घेऊन जात, फोटो काढत, त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली जात. टस्कीगी संस्थेने ठेवलेल्या नोंदीत १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ माणसं अशी मारलेली आहेत, त्यातली ३,४४६ काळी. आता ल्युइसन स्टेडियममध्ये रात्री उघड्यावर गर्दी बसली आहे, आणि समोर रात्री उघड्यावर जमलेली गर्दी गाते आहे. ऐकणाऱ्याने स्वतःला कुठल्या गर्दीत धरायचं? बंद हॉलमध्ये हा प्रश्न इतका अंगावर आला नसता.

इथपर्यंत मी स्टिलच्या बाजूने आहे. पुढे नाही.

शेवटी दोन्ही वृंद एकत्र येतात. देशावर पडलेल्या काळ्या सावलीबद्दल सांगतात आणि बंधुभावाची हाक देतात. संगीत मोठं होतं, छाती भरून येते. मला मात्र त्या क्षणी संताप येतो. देह अजून झाडावर आहे. कोणाला अटक नाही, कोणी कबुली दिलेली नाही. पंधरा मिनिटांपूर्वी ज्या गळ्यांनी आरोळ्या ठोकल्या तेच गळे मेलेल्याच्या भावकीशेजारी उभे राहून एका सुरात गायला लागले. हा सूर त्यांना कोणी दिला? स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. स्टिलच्या शेवटात नुसतीच बंधुता आहे, बाकीच्या दोघी मैदानाबाहेर.

शब्द स्टिलचे नाहीत, कॅथरीन गॅरिसन चॅपिन या गोऱ्या कवयित्रीचे आहेत. काळे विचारवंत अ‍ॅलन लॉक यांनी हे काम स्टिलकडे नेलं. बाईंचा नवरा फ्रान्सिस बिडल तेव्हा अमेरिकेचा सॉलिसिटर जनरल होता, म्हणजे सरकारचा मोठा वकील. बाईंच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण सरकारच्या इतक्या जवळ बसून लिहिलेल्या गाण्याचा शेवट सरकारला झोंबेल असा होईल कसा? त्याच वर्षी जानेवारीत लिंचिंगविरोधी विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये मेलं. लिंचिंगला केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवायला अमेरिकेला २०२२ साल उजाडलं. बंधुभावाची हाक १९४० ची, कायदा २०२२ चा. मधली ८२ वर्षं त्या एका सुरात कुठे बसवायची?

कोणी म्हणेल, असा शेवट नसता तर ती रचना त्या मैदानात वाजलीच नसती. असेलही. त्याच कार्यक्रमात पॉल रोबसन 'बॅलड फॉर अमेरिकन्स' हे देशाचं कौतुक करणारं गाणं गायला, म्हणजे लोकांना चव बदलून घरी जायची सोय होतीच. मी असतो तर दोन्ही वृंद शेवटपर्यंत मंचाच्या दोन टोकांना ठेवले असते, आणि गोऱ्यांना गप्प उभं केलं असतं. गाणं संपेपर्यंत. लोकांनी त्यांच्याकडे बघत राहावं.

आपल्या जलशांत पाटील व्हायची ती आपलीच पोरं, भट व्हायची तीही आपलीच. मार खाणारा आपला आणि मारणाराही आपलाच, मिशी चिकटवलेला. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत झुंडीने एका घरातली चार माणसं मारली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. म्हणजे खून झाला, पण जात तिथे नव्हती म्हणे! त्यावर कविता खूप झाल्या. त्या झुंडीचं समूहगान मात्र कोणी लिहिलं नाही, आणि लिहिलं तर ते गायला सदाशिव पेठेतल्या कुठल्या गायनवर्गातली मंडळी पुढे येतील, हे मला बघायचं आहे.

स्टिलचंच पुढचं सांगतो. १९४९ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेराने त्याचं 'ट्रबल्ड आयलंड' केलं. हैतीच्या गुलामांच्या बंडाची गोष्ट, शब्द मुख्यतः लँगस्टन ह्यूजचे. बंडाचा पुढारी देसालिन गायला रॉबर्ट वीड, गोरा गायक, तोंडाला रंग फासून.