सूड, हास्य आणि प्रेक्षक : ‘गँग्ज ऑफ वासेपूर’च्या ग्रहणाचा विचार

सामान्य प्रेक्षकाच्या मताला समीक्षेच्या व्यवहारात सहसा स्थान मिळत नाही. ‘आवडला’, ‘फार लांबला’, ‘शिव्या फार आहेत’ ही विधाने अभिरुचीची नोंद म्हणून बाजूला ठेवली जातात आणि समीक्षक संहितेकडे वळतो. परंतु एखाद्या कलाकृतीसंबंधीची मते एकमेकांशी विसंगत असूनही प्रत्येक मताला त्या कलाकृतीतच आधार सापडत असेल, तर मतांमधली ही विसंगती संहितेच्या घडणीविषयी काही सांगत असते. अनुराग कश्यप यांचा ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ हा असा चित्रपट आहे. मे 2012 मध्ये कान येथे दोन्ही भाग सलग दाखवले गेले आणि त्याच वर्षी जून व ऑगस्ट महिन्यांत ते भारतात स्वतंत्रपणे प्रदर्शित झाले. धनबादच्या वासेपूर या वस्तीतील तीन पिढ्यांच्या वैराची ही पाच तासांहून अधिक लांबीची कथा आहे. तिच्याविषयी प्रेक्षक जे बोलले, त्यात स्थूलमानाने चार सूर ऐकू येतात. पहिला, हा चित्रपट विलक्षण करमणूक करतो. दुसरा, तो हिंसेचा व शिवराळपणाचा उत्सव करतो. तिसरा, तो रेंगाळतो, विशेषतः दुसऱ्या भागात. चौथा, तो आमच्या गावाची बदनामी करतो.

तिसऱ्या मताचा निकाल लवकर लावता येतो. हान्स रॉबर्ट याऊस यांनी मांडलेल्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना येथे पुरेशी आहे. हिंदी सूडपटाचा साचा ‘यादों की बारात’ (1973) आणि ‘शोले’ (1975) यांच्या काळात पक्का झाला. आरंभी अन्याय, मध्ये विरह आणि तयारी, शेवटी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच हातून अन्याय करणाऱ्याचे पारिपत्य. ‘वासेपूर’मध्ये कोळसा खाणीचा मालक रामाधीर सिंह शाहिद खानला मारवतो. शाहिदचा मुलगा सरदार सूड घेईपर्यंत डोक्यावर केस न वाढवण्याची प्रतिज्ञा करतो आणि पहिल्या भागाच्या अखेरीस ती अपुरी ठेवूनच मरतो. प्रतिज्ञा करणारा एक आणि ती पुरी करणारा दुसरा. या दुसऱ्याला, म्हणजे फैजलला, त्या प्रतिज्ञेत मुळात फारसा रसही नाही. साच्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला येथे कथा ‘लांबली’ असे वाटणे स्वाभाविक आहे. खरे तर लांबतो तो सूड. वैर वारशाने मिळाले की त्याचा मूळ विषय झिजत जातो आणि सवय तेवढी उरते, हे दाखवण्यासाठी लांबी हेच चित्रपटाचे साधन आहे. तथापि दुसऱ्या भागात भंगाराच्या धंद्यातील डावपेचांवर घालवलेला वेळ या हेतूनेही समर्थनीय ठरत नाही. त्या ठिकाणी रेंगाळण्याची तक्रार करणारा प्रेक्षक बरोबर आहे, एवढे मान्य करून पुढे जायला हवे.

पहिल्या दोन मतांतील वाद अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांनी करमणूक झाली असे म्हटले, ते बहुधा हसले होते. ज्यांनी आक्षेप घेतला, त्यांचा आक्षेपही मुख्यतः याच हसण्याला होता. चित्रपटगृहात खुनाच्या प्रसंगी हशा पिकतो याचा अर्थ प्रेक्षकाची संवेदना बोथट झाली, असे या पक्षाचे म्हणणे. त्यावर चित्रपटाच्या समर्थकांचे ठरलेले उत्तर असे की, येथे उपरोध आहे आणि सूडाचीच थट्टा आहे. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. हसणारा प्रेक्षक एकच काहीतरी करत असतो, तो एकतर बधिर असतो किंवा चतुर.

हास्याच्या या प्रश्नाला भारतीय काव्यशास्त्रात उपयुक्त आधार मिळतो. भरताने रसांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. क्रोधाची परिणती वधात होते आणि वधाच्या मागोमाग शोक येतो, ही त्यामागची स्वाभाविक साखळी. हास्याचा संबंध त्याने शृंगाराशी जोडला. अभिनवगुप्ताने मात्र हास्याचे क्षेत्र विस्तारले. कोणत्याही रसाचा आभास, म्हणजे अनुचित विषयाच्या किंवा अनुचित आश्रयाच्या ठिकाणी प्रकटलेला भाव, हास्याला कारण होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने डेफिनिट शमशादला मारायला जातो तो प्रसंग पाहावा. पिस्तूल ऐन वेळी अडते, मारेकऱ्याला पळ काढावा लागतो, ज्याला मारायचे तोच मारेकऱ्याचा पाठलाग करतो आणि वाहने दगा देतात. रौद्राचा सारा सरंजाम हजर आहे, पण त्याचा आश्रय म्हणजे कौशल्य नसलेला एक तरुण पोरगा आहे. प्रेक्षक हसतो तो खुनाला नव्हे. खून करण्याच्या ऐटीत आणि प्रत्यक्ष हातात असलेल्या अवजारात जे अंतर पडते, त्याला तो हसतो. हा रौद्राभास आहे, आणि येथले हसणे औचित्याची जाण शाबूत असल्याची खूण आहे.

परंतु एवढ्याने समर्थकांचा पक्ष सिद्ध होत नाही. चित्रपटातील सगळे हास्य या जातीचे नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस पेट्रोल पंपावर गोळ्यांनी चाळण झालेला सरदार गाडीतून बाहेर येतो, पिस्तूल रोखून काही पावले टाकतो आणि एका हातगाडीवर कोसळतो. पार्श्वभूमीला बिहारच्या सुपुत्राचा जयजयकार करणारे गाणे वाजत असते. येथे उपरोध आहे असे म्हणणे कठीण. दिग्दर्शकाचे या मरणावर प्रेम आहे आणि प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात अशीच दृश्याची बांधणी आहे. शेवटी फैजल रामाधीरवर बंदुकीमागून बंदूक रिकामी करतो, तेव्हाही हिंसेचा अतिरेक दाखवणे आणि त्या अतिरेकात रमणे यांतील सीमारेषा पुसली जाते. आक्षेपक या ठिकाणांकडे बोट दाखवत असतील तर त्यांचा आक्षेप खोडून काढता येत नाही. मात्र त्यांची दृष्टी सहसा शिव्यांवर खिळून राहते. शिव्या हा या चित्रपटाचा सर्वांत निरुपद्रवी भाग आहे.

रामचंद्र शुक्ल यांनी क्रोधावरील निबंधात वैराला मुरवून ठेवलेल्या क्रोधाची उपमा लोणच्याच्या-मोरंब्याच्या अंगाने दिली आहे. ती येथे आठवते. मुरलेल्या पदार्थाची चव मूळ फळाची राहत नाही. शाहिदच्या हत्येवेळी जो क्रोध होता, तो फैजलपर्यंत येईतो मुरला आहे आणि त्यात एक परकी चव मिसळली आहे. ती चव सिनेमाची आहे.

दुसऱ्या भागात रामाधीर आपल्या दीर्घायुष्याचे रहस्य सांगतो. तो सिनेमा पाहत नाही. बाकीचे सारे कोणत्या ना कोणत्या नटाला डोक्यात घेऊन जगतात आणि स्वतःच्या चित्रपटाचे नायक होऊ पाहतात. या देशात सिनेमा आहे तोवर लोक मूर्ख बनत राहतील, असे त्याचे मत. सबंध चित्रपटात प्रेक्षकांनी सर्वाधिक उचलून धरलेला संवाद कदाचित हाच असेल. चारचौघांत, मित्रमंडळींत, त्याच स्वरात, त्याच थंडपणे तो पुन्हा पुन्हा उच्चारला गेला. यातील गंमत या संवादावर खूश होणाऱ्यांच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. रामाधीरचे वाक्य रामाधीरच्या ढंगात म्हणणारा प्रेक्षक रामाधीरने वर्णन केलेला माणूसच होऊन बसतो.

हे निरीक्षण केवळ कोटीच्या पातळीवर राहत नाही, कारण चित्रपटाची सबंध रचना या मुद्द्याभोवती उभी आहे. त्याचा आरंभच दूरचित्रवाणीवरील एका कौटुंबिक मालिकेच्या शीर्षकगीताने होतो आणि क्षणार्धात त्या घरावर गोळीबार सुरू होतो. फैजल अमिताभ बच्चनच्या पडद्यावरील प्रतिमेत वाढतो. परपेंडिक्युलरवर हल्ला होतो तो चित्रपट पाहून परतताना. मृत्यूच्या प्रसंगीही बँडवाला गायक हिंदी चित्रपटातील गाणी आळवतो, म्हणजे शोक व्यक्त करायलाही या माणसांना उसनीच भाषा लागते. आणि सिनेमा न पाहणारा रामाधीर अखेर मरतो तो सिनेमाच्या सर्वांत वेड्या चाहत्याच्या हातून. स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात प्रेक्षकाच्या तीन भूमिका कल्पिल्या होत्या : संदेश जसाच्या तसा स्वीकारणारा, त्याच्याशी वाटाघाट करणारा आणि त्याला विरोध करणारा. ‘वासेपूर’चा प्रेक्षक या तिन्हींत नीट बसत नाही. सिनेमाने बिघडलेल्या माणसांना तो हसतो, आणि ज्या शब्दांनी हसतो ते शब्द सिनेमातूनच उचलतो. त्याला या संदेशाचा स्वीकार आणि विरोध एकाच श्वासात करता येतो. चित्रपटाचे यश आणि त्याची नैतिक अस्थिरता या दोहोंचे मूळ येथे आहे.

चौथे मत स्थानिकांचे. चित्रपटाने आपल्या वस्तीची बदनामी केली, अशी तक्रार वासेपूरमधून झाली. महानगरी प्रेक्षकाने व समीक्षकानेही ती हसण्यावारी नेली. कलेतले वासेपूर वेगळे आणि भूगोलातले वेगळे, हे यांना कळत नाही, असा एकंदर सूर होता. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी व अलौकिकतावादी भूमिकांचे जे द्वंद्व तपशिलाने मांडले, त्यातील दुसऱ्या बाजूचा सोयीस्कर वापर येथे झालेला दिसतो. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना देशकालाच्या विशेषात अडकणे, ‘हे माझे’ किंवा ‘हे अमक्याचे’ या जाणिवेतून न सुटणे, हे एक विघ्न मानले आहे. पूर्वरंगासारखी नाट्यातील तरतूद हे विघ्न दूर करण्यासाठीच असते. म्हणजे साधारणीकरण घडवून आणण्याची जबाबदारी केवळ सहृदयावर नाही. ती प्रयोगावरही आहे. ‘वासेपूर’चा प्रयोग मात्र उलट दिशेने जातो. तो शीर्षकातच खऱ्या वस्तीचे नाव घेतो, पडद्यावर वर्षे देतो, कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाचा इतिहास निवेदनात आणतो, देशकालाचा विशेष जितका ठसवता येईल तितका ठसवतो. चित्रीकरणाचा मोठा भाग मात्र वाराणसी-मिर्झापूरच्या परिसरात झालेला असतो. विशेषाचे सारे मोल वसूल करायचे आणि तक्रार आली की सामान्याचा आश्रय घ्यायचा, हा व्यवहार प्रामाणिक नाही. मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न नवा नाही. ‘घाशीराम कोतवाल’ (1972) नाना फडणविसांची व पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी करते, हा आक्षेप अशाच युक्तिवादाने परतवला गेला होता. फरक इतकाच की, तेंडुलकरांचे नाटक मानवी भिंत, कीर्तन आणि नृत्य यांच्या शैलीकरणातून आपण इतिहास नसल्याचे पावलोपावली सांगत असते. त्या नाटकाच्या बाजूने जे म्हणता येते ते ‘वासेपूर’च्या बाजूने जसेच्या तसे म्हणता येत नाही. अर्थात बंदी घालण्याची मागणी हा तक्रारीवरचा उपाय नव्हे. परंतु ती तक्रार अरसिकतेतून आली, असे मानण्यालाही आधार नाही. शिवाय या कथेचा मूळ लेखक झीशान कादरी हा वासेपूरचाच आहे, आणि डेफिनिटच्या भूमिकेत फैजलला अखेरची गोळी घालणाराही तोच. वासेपूरचा आवाज या चित्रपटात आहे. पण एकाचा आवाज साऱ्या वस्तीच्या वतीने काढलेला नसतो, हे प्रातिनिधिकतेच्या चर्चेत नेहमी विसरले जाते.

चारही सुरांत एक मौन समान आहे. रौद्रापासून करुण उपजतो असे भरत म्हणतो, तर मग या चित्रपटात करुण कोठे आहे, हा प्रश्न हसणाऱ्यांनीही विचारला नाही आणि आक्षेप घेणाऱ्यांनीही नाही. नगमाचा कडवट त्रागा आणि मोहसिनाने परवानगीवाचून हात धरणाऱ्या फैजलला ऐकवलेले बोल प्रेक्षकांच्या आठवणीत राहिले ते विनोद म्हणून. दुर्गा तर आठवणीतही राहिली नाही. सरदारने ठेवलेली, मग टाकलेली ही बंगाली स्त्री कथेत फार थोडा वेळ दिसते. परंतु सरदार पेट्रोल पंपाकडे निघाला आहे ही खबर कुरेशींना तीच पोचवते, आणि फैजलचा अंत तिच्याच मुलाच्या हातून होतो. पुरुषांच्या वैराची साखळी रामाधीर आणि खान घराणे यांच्यात आहे, असे समजून प्रेक्षक पाच तास बसलेला असतो. वास्तविक दोन्ही भाग ज्या मृत्यूंवर संपतात, ते दोन्ही मृत्यू दुर्गेच्या घरातून निघाले आहेत. तिने कोणतीही प्रतिज्ञा केलेली नाही, तिच्या डोक्यात कोणी नट नाही, तिच्या क्रोधाला गाणे दिलेले नाही. फैजलच्या पश्चात मोहसिना आणि नासिर त्याच्या मुलासह मुंबईत, म्हणजे जिथे हे सारे सिनेमे तयार होतात त्या शहरात, येऊन राहतात. दुर्गेचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही, आणि प्रेक्षकांच्या मतांत त्याबद्दल चौकशीही आढळत नाही.